चंपाची भूक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, देवालाही नाही — आणि देवाला सांगायचं तरी काय, तो बघतच होता. तुम्हाला का सांगते आहे, ते मलाही नीट उमगत नाही. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढे माझी जीभ रेटत नाही.

सुरुवात डब्यांपासून करते. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई दुष्ट होती. दुष्ट होतेच, पण आधी घाबरट होते.

सुरतेत लिंबायतला माझी एक खोली होती, आणि खोलीला लागून पत्र्याची शेड. खोलीत मी, शेडमध्ये चंपा. चंपा म्हणजे घोडी — लग्नाची, नवरदेवाला मिरवायची. पांढरीशुभ्र. माझे मालक काविळीने गेले, तेव्हा घरात जिवंत असं तेवढंच उरलं. सासरहून, नंदुरबारकडून निरोप आला, घोडी विक आणि गावी निघून ये. मी गेले नाही. कशाला जायचं? ज्यांनी मला पांढऱ्या पायाची म्हणून तेराव्यालाच ताट वेगळं वाढलं, त्यांच्या चुलीपुढे जाऊन बसायचं? त्यापेक्षा घोडी बरी. बोलत तरी नाही.

बोलत नाही, पण खाते. आणि घोडीचं खाणं म्हणजे काय, हे ज्याने घोडी पाळली त्यालाच ठाऊक. लग्नं असतात तेव्हा पैसा येतो. आषाढी लागली की तुळशीच्या लग्नापर्यंत सगळं बंद. मग जरा कुठे हात ओला होतो, तोच कमुरता लागतो — सुरतेत धनुर्मासाला असंच म्हणतात — की पुन्हा सामसूम. लग्नाला मुहूर्त असतो, पोटाला नसतो. माझ्याही नाही, तिच्याही नाही.

म्हणून फळीवर मी डबे मांडले होते. एक चाऱ्याचा, एक माझा — भाडं, रॉकेल, पीठमीठ. आणि एक पुढच्या घोडीचा. हो, पुढच्या. आमची पहिली घोडी भर पावसाळ्यात मेली होती, आणि आम्ही नवरा-बायकोने शेजाऱ्यांच्या उष्ट्या भाकरीवर दिवस काढले होते. तेव्हापासून मालक म्हणायचे, एक घोडी उभी आहे तोवर दुसरीचे पैसे जमवायला घ्यायचे. ते गेले आणि मी हे वाक्य गळ्यात ताईतासारखं बांधून घेतलं. तो डबा भरला की पोस्टात रिकामा करायचा, आणि पोस्टाला हात म्हणून लावायचा नाही.

प्लेगच्या साली अख्खी गल्ली गाडीत बसून गावाला पळाली. घोडी गाडीत कशी चढवणार? मी राहिले. तोंडाला रुमाल बांधून शेडच्या दारात बसून असायचे. आणि चिंता कशाची, सांगू? मरायची नाही. एवढी माणसं पळाली, आता यंदा सुरतेत लग्न कोण करणार, याची. तेव्हापासून तो तिसरा डबा जरा हलका वाटला की मला झोप लागेनाशी झाली.

आता तो भरायचा कशातून? माझा डबा तर तळाला गेलेला. राहिला चाऱ्याचा.

आधी तोबऱ्यात, तिच्या तोंडाला बांधायच्या पिशवीत, डाळीची चुनी थोडी कमी केली, भुसा थोडा वाढवला. मग संध्याकाळचा तोबरा अर्धा. मग संध्याकाळचा नाहीच. कुणी विचारलं, घोडी वाळली का हो मावशी, तर म्हणायचे, वय झालं, हल्ली अन्न जात नाही तिला. लोकांना पटायचं. घोडी काय येऊन सांगणार होती? रात्री तिचा खूर पत्र्यावर वाजायचा. मी डोक्यावर गोधडी ओढून घ्यायचे. पुढच्या घोडीसाठी मी ह्या घोडीला मारत होते — हे तेव्हा कळत नव्हतं म्हणू? कळत होतं.

इथे थांबले असते तरी बरं होतं. एवढं तर कितीतरी लोक करतात.

आमच्या खानदेशात रीत नव्हती, पण कापड मार्केटातल्या मारवाड्यांचं बघून सुरतेतल्या आपल्या माणसांनीही ती उचलली — नवरदेव घोडीवर बसायच्या आधी करवलीने घोडीला भिजवलेली चण्याची डाळ खाऊ घालायची. थाळी पुढे धरतात. घोडीने तोंड लावलं की शुभ. बाकीच्यांच्या घोड्या दोन घास घेतात आणि मान वळवतात. चंपा — चंपा थाळी चाटायची. करवलीच्या बांगड्या, हळदीचे हात, सगळं चाटायची. बायका हसायच्या, म्हणायच्या, बघा कशी प्रेमाने खाते, लक्ष्मी आहे लक्ष्मी. नोटा ओवाळून टाकायच्या. लगाम धरणारा बँडवाला रघू त्या गोळा करून मला आणून द्यायचा. मी विधवा, मी रस्त्याच्या पलीकडे उभी. माझी सावलीसुद्धा नको आणि माझी घोडी शकुनाची. हसूच यायचं मला.

लोक नाव घेऊन मागायला लागले. ती डाळ खाणारी घोडी पाहिजे. मग मी काय केलं असेल? दुसरी कुणी असती तर लाजून तोबरा भरला असता. मी लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळचाही तोबरा काढून घ्यायला लागले. कडबासुद्धा उचलून ठेवायचे. आधी बचत म्हणून उपाशी होती, आता धंदा म्हणून. हा माझा पहिला गुन्हा. पण त्याच्यासाठी मी तुमच्यापुढे बसलेले नाही.

आमच्या मागच्या दोन गल्ल्या सोडून विमलबाई राहायच्या. त्यांचा मुलगा लूमवर कामाला. त्याचं लग्न ठरलं. नवरी दोंडाईचाकडची, शोभा नावाची. वऱ्हाड पॅसेंजरने आलं, लग्न इकडेच मांडवात. सकाळी नवरदेवाला घोडीवरून मारुतीच्या पाया पडायला न्यायचं आणि संध्याकाळी वरात, म्हणून चंपा दिवसभर त्यांच्याच मांडवाच्या खांबाला बांधलेली.

दोन दिवसांची उपाशी होती ती. करवलीने थाळी धरली, चंपाने ती साफ केली. मग पोरं आणायला लागली, बायका आणायला लागल्या — घाईत भिजवलेली डाळ, वरून ओली, आतून कडक. जो तो खाऊ घालणार, ओवाळणार, नोट टाकणार. अशी डाळ पोटात जाऊन फुगते, हे मला माहीत होतं. घोड्याला ओकता येत नाही, आत गेलं ते गेलं, हेही माहीत होतं. रघू एकदा म्हणालासुद्धा, मावशी, बस झालं ना आता? मी पदरात नोटा गुंडाळत होते. म्हटलं, खाऊ दे रे, आनंदाचं घर आहे.

दुपारनंतर ती पोटाकडे मान वळवून बघायला लागली. मग घामाने भिजली. मग खाली बसली, उठली, लोळली. जनावरांचा डॉक्टर आला तोवर उशीर झाला होता. वरात घोडीविनाच फिरून आली, दारात शोभाने माप ओलांडलं आणि इकडे मांडवाच्या खांबापाशी चंपाने मान टाकली. दोन्ही एकदमच. सगळ्यांनी पाहिलं.

डॉक्टरने मला विचारलं, हिला घरी काय घालत होता? बरगड्या मोजून घ्याव्यात अशी दिसते. विमलबाई शेजारीच उभ्या, निम्मं वऱ्हाड गोळा झालेलं. सगळ्यांचे डोळे माझ्यावर.

आता सांगते. मी म्हणाले, "लेकीसारखी ठेवली हो. सकाळी घरून ठणठणीत निघाली. आज दारात नवं पाऊल काय पडलं आणि —"

एवढंच. वाक्य पुरं केलंच नाही मी. पुरं करायची गरजच नव्हती, ते लोकांनी केलं. कुठून आलं ते वाक्य माझ्या तोंडी? माझ्याच अंगावर टाकलेलं होतं ते, सासरी, मालक गेले तेव्हा. किती खोल लागतं ते माझ्याइतकं तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि तरी मी ते उचललं आणि हातावर अजून हळद असलेल्या पोरीवर टाकलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी.

विमलबाईंच्या मालकांनी माझ्या हातावर पैसे ठेवले, आमच्या दारात गेली म्हणून. दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा घेतले. पोस्टातले काढले, त्यात हे घातले आणि पुढच्या मुहूर्ताआधीच दुसरी घोडी आणली. तीही पांढरी. मालकांचं म्हणणं खरं ठरलं बघा, माझा एकही मुहूर्त बुडाला नाही.

शोभाचे मात्र सगळे बुडाले. सासरा जिन्यावरून पडला — ती. लूम बंद राहिला — ती. नळावर बायका हंडा बाजूला घ्यायच्या तिला बघून. मला मात्र वाटेत दिसली की डोक्यावरचा पदर सावरून खुशाली विचारायची, "कशी शे वं मावशी?" मी हो-ला-हो करून सटकायचे. चोराच्या मनात चांदणं. वाटायचं, हिला कळलंय. तिला काही कळलेलं नव्हतं. ती आपली विचारत होती.

मग विमलबाईंना कुणीतरी उतारा सांगितला. सुनेने स्वतःच्या हाताने डाळ भिजवायची, स्वतःच्या हाताने पांढऱ्या घोडीला घालायची. घोडीने खाल्ली तर दोष गेला. नाही खाल्ली, तर मुलगी माहेरी.

एका सकाळी दोघी शेडपाशी आल्या. शोभाने माहेरची नवी स्टीलची थाळी आणली होती. डाळ कशी भिजवलेली — रात्रभर, बोटाने चिरडावी अशी मऊ. अशी डाळ चंपाला जन्मात मिळाली नसेल.

आणि माझी नवी घोडी? पोट भरलेली. चंपा मेल्यापासून मी हिला उपाशी ठेवलंच नव्हतं. माया म्हणून नाही हो, धास्ती म्हणून. त्या सकाळीही तोबरा भरून दिला होता, वर हिरवा चारा. घोडीने थाळी हुंगली, फुरफुरली आणि मान वळवली. शोभा दुसऱ्या बाजूला गेली, पुन्हा थाळी धरली. हळूच म्हणाली, "खाय ना वं माय."

नाही खाल्ली.

विमलबाई वाईट बाई नव्हत्या. त्या माझ्याकडे वळल्या, अगदी काकुळतीने म्हणाल्या, "तुम्हीच सांगा बाई. तुमची घोडी आहे. असं का करते ही?"

विचारलं हो मला त्यांनी. समोर उभं राहून विचारलं. "आत्ताच खाऊन झालंय तिचं, संध्याकाळी या" — एवढं बोलायचं होतं. कुणावर काही येणार नव्हतं. पण माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. भरल्या पोटी घोडी खात नाही असं म्हटलं, तर ह्या घरी जाऊन विचार करतील, मग ती चंपा का एवढी खात होती? बरगड्यांचं डॉक्टर काय म्हणत होता? आणि मग कोण बोलावेल माझी घोडी? फळीवरचा डबा दिसला मला, शपथेवर सांगते, तो डबाच दिसला.

मी खाली वाकले आणि घोडीचा खूर उचलून त्यातली माती काढत बसले. बराच वेळ. वर बघितलं तेव्हा त्या गल्लीच्या टोकाला गेल्या होत्या. विमलबाई पुढे, शोभा मागे. थाळी गव्हाणीत तशीच राहिली होती.

दुपार कलली, तशी घोडीला भूक लागली. तिने ती सगळी डाळ खाल्ली. थाळी चाटून खाल्ली. मी शेडच्या दारात उभी राहून बघत होते. शोभाला माहेरी नेणारी पॅसेंजर संध्याकाळची होती. त्यांचं घर दोन गल्ल्यांवर होतं. माझे पाय धड होते, वेळ होता.

मी थाळी घासली आणि फळीवर डब्यांच्या शेजारी उभी करून ठेवली.

शोभा परत आली नाही. तिच्या नवऱ्याचं पुढे दुसरं लग्न झालं, त्या लग्नात घोडी माझीच होती. थाळी अजून माझ्याकडे आहे. काठावर तिचं नाव कोरलेलं आहे. मागायला कुणी आलं नाही, मी नेऊन दिली नाही.