सीटखालची नाल

जितेंद्रचा हात गाड्यांवर चांगला बसला होता, पण धुळ्याच्या त्या सर्व्हिस सेंटरात हातापेक्षा घड्याळाला मान. प्रत्येक कामाला वेळ ठरलेला. आणि दुरुस्त केलेली गाडी त्याच तक्रारीने परत आली की ती मेकॅनिकच्या नावावर चढायची.

भाईदास आबांची गाडी अशीच पुन्हा आली. आबा चाळीसगावकडचे शेतकरी. खड्डा आला की सीटजवळ टकटक वाजतं, एवढीच तक्रार. जितेंद्रने बोल्ट आवळले, रबर बदलले. चक्कर मारावी तर गाडी गुपचूप. आबा घरी पोचले की टकटक सुरू!

मॅनेजर राजदीप साहेबांना वरून फोनावर फोन. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "आज आवाज सापडला नाही, तर उद्यापासून गाड्या धुवायला जा."

जितेंद्र आबांना घेऊन खड्ड्याखड्ड्यातून फिरून आला. आवाज नाहीच. आबा कावले, "आठे सर्व्हिसले उनी का हाई गाडी गाय व्हई जास. घर गई का परत टकटक!"

"घरी गेल्यावर असं करता तरी काय तिला?" साहेबांनी विचारलं.

आबांशेजारी उभ्या त्यांच्या बायकोचा, प्रमिलाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी जितेंद्रकडे पाहिलं आणि पिशवीतून काळ्या दोऱ्यात ओवलेली घोड्याची नाल काढली.

"त्याले धुवाले नका धाडू, साहेब. बठ्ठा दोष मना शे."

नव्या गाडीला नजर लागू नये म्हणून त्यांनी ती आबांच्या सीटखाली बांधली होती. आबा हसतील म्हणून चोरून. नजरेच्या वस्तूला परका हात नको, म्हणून सर्व्हिसला निघताना सोडून घ्यायच्या आणि घरी गेल्यावर पुन्हा बांधायच्या.

आबा बघतच राहिले. मग म्हणाले, "गाडीले नाल ठोकी, आते घोडानी चंदी बी चार!"

साहेबांनाही हसू आवरेना.

"आक्का, मी हात लावू का?" जितेंद्रने विचारलं.

"लाव भाऊ. तू आते परका नही."

त्याने नालेला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, सीटखाली घट्ट बांधली आणि फाटकाजवळच्या गतिरोधकांवरून गाडी दोनदा नेली. टक नाही की टुक नाही. साहेबांनी त्याच्या नावावरची तक्रार तिथेच काढली.

दुसऱ्या सकाळी जितेंद्रने आपल्याच जागेवर पाने मांडले. पहिलाच ग्राहक म्हणाला, "डिकीतून आवाज येतो."

जितेंद्रने गाडीखाली शिरण्याआधी हसून विचारलं, "दादा, येताना घरी काय काढून ठेवलंत?"