दिनेश सेट शिकला

माझी शेवटची पोस्टिंग काश्मीरमधल्या एका बर्फाळ पोस्टवर होती. मी रेडिओ ऑपरेटर, वायरलेस सेट माझ्याकडे. दिनेश आमचा कूक, खालापूरकडच्या चौकचा. मी कर्जतचा. बाकी सगळे सातारा-कोल्हापूरचे. आपल्याकडचं ‘हाय-नाय’ बोलायला आम्ही दोघंच.

एका हिवाळ्यात तो म्हणाला, “दादा, मला सेट शिकवा. रोट्या लाटून कटाळलो.”

सुभेदार साहेबांनी मला बाजूला घेतलं. “कूक चांगला आहे, कूकच राहू दे. ऑपरेटरचा कान उपजत लागतो.”

त्यांचं चुकत नव्हतं. खरखरीतून दिनेशला शब्द वेगळे काढता येत नसत. मी एकदा ऐकून लिहायचो, त्याला तोच निरोप पुन्हा पुन्हा मागावा लागे. पण भांडी आवरली की तो रोज माझ्याशेजारी येऊन बसे. पुढच्या हिवाळ्यापर्यंत तो तयार झाला. त्याचा वेग मात्र कधीच वाढला नाही.

गस्तीबरोबर सेट घेऊन तो पहिल्यांदा गेला, तेव्हा पोस्टवरच्या सेटवर मी होतो. दुपारी त्याचा आवाज आला.

“बर्फ कोसळला. दोन जवान दबलेत. नाल्याचा डावा किनारा, तुटक्या देवदाराखाली. ओव्हर.”

“रॉजर. मदत निघतेय. ओव्हर.”

“परत सांगा. ओव्हर.”

मी परत सांगितलं. त्यानंही जागा पुन्हा सांगितली, एकेक शब्द सुटा करून. मदतीची तुकडी थेट तिथेच पोचली. दोघं जिवंत निघाले. सिग्नल नीट मिळावा म्हणून दिनेश उघड्या उतारावर उभा होता. दुसऱ्यांदा बर्फ आला तो त्याच्यावर. मी अंधार पडेपर्यंत सेटवरून हाका मारत राहिलो. तो दुसऱ्या दिवशी सापडला.

त्यानंतर पोस्टवर मी कामापुरतंच बोललो. रिटायर होऊन कर्जतला आलो, तरी ती सवय गेली नाही. खोलीत एकटाच असतो.

चौकला जुन्या हायवेवर त्याच्या आईचं चहाचं दुकान आहे. अधूनमधून जातो. मागच्या खेपेला तिनं विचारलं, “सैपाक जन्मापासून त्याच्या हातात व्हता. कूकच राहिला असता तर आज असता ना रं?”

“असता, मावशी.”

तिनं चहाखालची आच कमी केली.

“आन् ती दोन पोरं?”

“आपापल्या घरी आहेत.”

“मंग शिकला ते बरं केलं,” ती म्हणाली आणि तोंड फिरवून तिनं गॅस बंद केला.