शर्मांची पाटी

"हे इथं नव्हतं."

आमच्या स्वयंपाकघराच्या दारात आली की तिचं पहिलं वाक्य हेच असायचं. नमस्कार नाही, कशा आहात नाही. मान थोडी तिरपी करायची, डावीकडून उजवीकडे नजर फिरवायची आणि एखाद्या डब्याकडे बोट दाखवायचं. "काकू, हे इथं नव्हतं." जणू डबा रात्री पळून चालला होता आणि मी त्याला साथ दिली होती.

कुलूप लावून झाल्यावर पुन्हा पुन्हा ओढून बघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण ती स्वतःचं कुलूप ओढतात. ही मुलगी परक्याच्या घरातलं सगळंच ओढून बघायची. चहा दिला तर आधी वास घ्यायची. कॅमेऱ्यावरच्या मुलानं "चालू आहे" म्हटलं की विचारायची, "नक्की? लाल दिवा दाखव." तो दाखवायचा, तरी स्वतः जाऊन बघायची. तिच्या बरोबरची मुलं तिला थानेदार म्हणायची. तिला त्याचं वाईट वाटत नसे. उलट बरंच वाटत असावं.

आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. हे एका मंत्रालयात ड्रायव्हर आहेत. आमच्या वरच्या मजल्यावर निनाद राहतो, तोही आपल्यातलाच, मराठी. तो कॉलेजात सिनेमा बनवायचं शिकतो. एक दिवस खाली आला आणि म्हणाला, "काकू, आम्हाला कॉलेजसाठी छोटी फिल्म करायची आहे. तुमचं किचन हवं. दोन संडे फक्त."

माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण एवढं कळतं की चांगली स्वयंपाकघरं सोडून कुणी आमच्याकडे उगाच येत नाही. मी विचारलं, "तुझ्या आईचं का नको?"

"आमचं मॉड्युलर केलंय ना. तुमचं कसं, एकदम रिअल आहे."

रिअल म्हणजे भिंतीचे पोपडे, हे मला कळलं. पण मला नाही म्हणता येत नाही. तोंडापर्यंत येतं आणि परत जातं. ह्यांनाही निनादच्या वडिलांना दुखवायचं नव्हतं. त्यामुळे पहिल्या रविवारी दिवे, वायरी आणि मुलं घरात शिरली.

गोष्ट साधी होती. एक मुलगी नोकरीसाठी घर सोडून जाते, आई रोज तिच्या आवडीचं करत राहते, शेवटी मुलगी परत येते आणि आई दार उघडते. घरातल्यांचं आडनाव शर्मा. म्हणून दारावर आमचं नाव झाकून त्यांनी एस. के. शर्मा अशी पाटी चिकटवली.

थानेदारीणबाईंचं काम होतं सगळं जुळवायचं, त्याला ती कंटिन्युइटी म्हणायची. एका दिवशी कप जिथं होता तिथंच तो दुसऱ्या दिवशी दिसला पाहिजे, नाहीतर बघणाऱ्याला घर खोटं वाटतं, असं तिनं मला समजावलं. त्यासाठी ती प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढायची. फडताळ, फोडणीचा डबा, मोरी, खिळ्याला टांगलेलं फडकं, खिडकीबाहेरची दोरी. काढताना विचारायची, "इथं कोण झोपतं? हे पुस्तक कुणाचं? ही खिडकी रोज उघडी असते?"

एवढं कशाला हवं हिला, असं माझ्या मनात आलं. तुमच्याही आलं असतं. कारण आमच्या कॉलनीत हे प्रश्न दुसरीच माणसं विचारतात. क्वार्टर भाड्यानं दिलंय का ते बघायला तपासणी येते. तळमजल्यावरच्या एका कुटुंबानं आतली खोली दोन मुलांना दिली होती. ते सापडलं आणि क्वार्टर गेलं. त्यांचा फ्रिज हिरवळीवर उभा होता आणि त्या बाई त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. ते मी गॅलरीतून पाहिलं होतं. आमची मुलगी दहावीला, शाळा चालत जाण्यासारखी, आणि बाहेरचं भाडं ह्यांच्या पगारात बसण्यासारखं नाही.

पहिल्या रविवारी संध्याकाळी निनाद पाटी काढायला लागला तेव्हा तिनंच त्याला थांबवलं. "काढू नको. परत लावली तर वाकडी लागेल. पुढच्या संडेपर्यंत राहू दे."

"मग आठवडाभर मी शर्मा?" हे म्हणाले. सगळे हसले. मी हसले नाही.

गंमत सुरू झाली दुसऱ्याच दिवशी. गॅस सिलिंडरवाला दारापर्यंत येऊन परत निघाला. जिन्यात गाठलं तर म्हणतो, "यहाँ तो शर्मा जी आ गए ना?" समोरच्या आंटींनी दार अर्धं उघडून विचारलं, "मराठी भाभी, किसको दे दिया क्वार्टर?" मी मान हलवली. कशी हलवली कोण जाणे, त्यांना ती हो वाटली असेल.

ती मात्र रोज यायची. नोएडाहून मेट्रोनं, मग रिक्षानं, फक्त माझं स्वयंपाकघर हललं नाही ना ते बघायला. आता सांगा, चालतं घर न हलवता कसं राहायचं? मला पोळ्या करायच्या असतात, डबे भरायचे असतात. एकदा मी खिळ्यावरचं फडकं धुऊन टाकलं. तिचा चेहरा पांढराच पडला.

"काकू, तो डाग!"

"कसला डाग?"

"हल्दीचा. पहिल्या सीनमध्ये आहे!"

जन्मभर मी डाग काढत आले. त्या दिवशी हळद कालवून स्वच्छ फडक्यावर डाग पाडत बसले. ती फोन हातात धरून सांगत होती, "थोडा वर. अजून थोडा. नाही नाही, इतका गोल नव्हता." मुलगी शाळेतून आली, तिनं आमच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता दुसऱ्या खोलीत गेली.

त्या दिवशी चहा पिताना मी धीर करून विचारलं, "तू लहानपणापासूनच अशी?"

ती म्हणाली, "आई-बाबा दोघं ऑफिसला. स्कूलमधून आले की किल्लीनं मीच दार उघडायची. आईनं सांगितलं होतं, आधी सगळं बघायचं. सकाळी होतं तसंच आहे का. चप्पल, पडदे, बाथरूमचं दार. सगळं सेम असेल तर फोन करायचा, सेम आहे म्हणून. मग आई म्हणायची, आता जेव."

मी तिला आणखी एक पोळी वाढली. ती आधी उलटून बघितली तिनं, मग खाल्ली.

पण माझी शंका काही गेली नाही. फोटो जातात कुठं? कोण बघतं? हे मी ह्यांना रात्री विचारलं तर म्हणाले, "तुझं आपलं काहीतरीच."

आणि गुरुवारी दुपारी बेल वाजली. दारात दोन माणसं होती, एकाच्या हातात फाइल. ती तेव्हा स्वयंपाकघरात डबे सरळ करत होती. माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? हिनंच बोलावलं. त्या फोटोंसाठीच आली होती ही.

"शर्मा जी को बुलाइए," फाइलवाले साहेब म्हणाले.

हिंदी मला येते, भाजीवाल्याशी मी भांडतेसुद्धा. पण फाइल दिसली की येत नाही.

ती मागून पुढं आली. "शर्मा कोई नहीं है, सर."

"नेमप्लेट तो है."

"वो हमारी फिल्म की है."

"आप यहाँ रहती हैं?"

"नहीं, नोएडा."

"यहाँ कब आती हैं?"

"रोज."

साहेबांनी ते लिहून घेतलं. खरं सांगावं तितकं ते वाईट होत चाललं होतं. आणि या पोरीला काय सुचलं? ती म्हणाली, "सर, आपका आईडी?"

बरोबरचा माणूस तिच्याकडे बघतच राहिला. साहेबांनी कार्ड दाखवलं. तिनं कार्ड पाहिलं, चेहरा पाहिला, परत कार्ड पाहिलं. "फोटो में चश्मा नहीं है."

"बाद में लगा है, बेटा."

"नक्की?" तिच्या तोंडून मराठीतच गेलं.

मग तिनं फोन काढून फोटो दाखवले, पहिलाच दाराचा, पाटीसकट. साहेब म्हणाले, "इसमें भी शर्मा जी का ही घर दिख रहा है." आता संपलं, असं मला वाटलं. फ्रिज, खुर्ची, हिरवळ, सगळं डोळ्यांपुढं आलं.

तेव्हा ती चिडली. साहेबांवर नाही, माझ्यावर. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "सर, किराये पर दिया होता ना, तो मेरा काम आसान था! खाली घर होता, चीज़ें अपनी जगह रहतीं. संडे से बोल रही हूँ, कुछ मत हिलाओ. ये सुनती ही नहीं! सुबह चावल का डिब्बा नीचे, शाम को ऊपर. इनकी बेटी मैथ्स की किताब फ्रिज पे छोड़ जाती है. अंकल की वर्दी ठीक उसी खिड़की पे सूखती है जो मेरे फ्रेम में है. कपड़ा था, वो भी धो दिया! जो यहाँ रहता नहीं, वो इतना तंग करेगा?"

बोलून ती धापा टाकत होती. तक्रार अगदी खरी होती, मी ऐकत नव्हतेच. साहेब आत आले. खिडकीत ह्यांच्या वर्दीचा पांढरा शर्ट होता, खाली थेंब पडत होते. फ्रिजवर गणिताचं पुस्तक उघडं पडलं होतं. ओट्यावर अर्धी चिरलेली भेंडी. साहेबांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "भाभी जी, आपके मिस्टर किस गाड़ी पे हैं?"

मी सांगितलं. आवाज आला, एवढंच मला आठवतं.

जाताना ते म्हणाले, "शिकायत आई थी, इसलिए आना पड़ा. लिख देता हूँ कि परिवार यहीं रहता है. लेकिन ये प्लेट आज ही उतारिए. दोबारा दिखी तो मेरे हाथ में कुछ नहीं."

तक्रार कुणी केली ते अजून कळलेलं नाही. समोरच्या आंटी त्या दिवसापासून फार गोड बोलतात, एवढंच मी पाहून ठेवलंय.

तिनं माझी सुरी घेतली आणि पाटी स्वतः काढली. पाटीबरोबर दाराचा निळा रंगही निघाला. त्या जागेवर ती बराच वेळ हात फिरवत राहिली. "मीच ठेवायला सांगितली होती," म्हणाली. मनात होतं की हो, तूच.

शनिवारी सगळी टोळी आमच्या बाहेरच्या खोलीत दुसऱ्या दिवसाचं ठरवायला बसली. बाकी सगळं ठरलं आणि दारावर येऊन अडलं. शेवटचं दृश्य दाराचंच होतं.

निनाद म्हणाला, "काका, पाच मिनिटं लावू पाटी. एक शॉट घेऊ, काढून टाकू. संडेला कोण येतंय चेक करायला?"

हे चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत बसले. मी दाराआड उभी होते. नाही म्हणायचं होतं मला. तोंडापर्यंत आलं होतं.

"नाही लावायची," ती म्हणाली.

"अरे यार, तूच म्हणालीस, दार मॅच झालं नाही तर फिल्म गेली."

"म्हणाले होते."

"मग? साऱ्या वर्षाचं काम आहे हे. सगळ्यांचं."

"दार कॉलनीबाहेर कुठंतरी शूट कर."

"मॅच होणार नाही!"

"माहीत आहे."

कॅमेऱ्यावरचा मुलगा हसला. "क्या थानेदार, डर गई?"

"हो," ती म्हणाली. "काकूंच्या दारावर काही लावायचं नाही. बस."

निनाद उठून वर निघून गेला. नंतर कितीतरी दिवस तो तिच्याशी बोलत नव्हता. करोल बागेत कॅमेऱ्यावरच्या मुलाची भाड्याची खोली होती, तिथं त्यांनी दार शूट केलं. मला तेव्हाही वाटत होतं की ही स्वतःची मान सोडवतेय. माझा स्वभावच तसा, काय करणार?

ती आता मुंबईला असते म्हणतात. सिनेमातच आहे, हेच काम करते. मी तिला शेवटचं पाहिलं ते तिच्या कॉलेजात, फिल्म दाखवली त्या दिवशी. ह्यांना ड्युटी होती, मी मुलीला घेऊन गेले. आम्ही अगदी शेवटच्या रांगेत बसलो. ती पुढं होती, तिची वेणी मला दिसत होती.

पडद्यावर माझं स्वयंपाकघर आलं तेव्हा मला लाज वाटली, मग वाटेनाशी झाली. इतकं मोठं ते मी कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक डबा आपल्या जागी होता. मुलगी कानात म्हणाली, "आई, आपल्या घरात असं कधीच नसतं."

शेवटी ती सिनेमातली मुलगी आमचाच जिना चढून आली. तिनं बेल वाजवली. आणि दार आलं हिरवं. कडी वेगळी, चौकट वेगळी, उंबराही नाही. मधल्या रांगेत कुणीतरी मोठ्यानं हसलं. मग आणखी दोघंतिघं.

दिवे लागले. पुढं बसलेले सर उठले. निनादनं खाली मान घातली. सरांनी सगळ्यांकडे बघत विचारलं, "कंटिन्युइटी किसकी थी?"

शाळेतली मुलं करतात तसा तिनं हात वर केला. "मेरी, सर."

"पहले दरवाज़ा नीला था. आपको दिखा नहीं?"

मी शेवटच्या रांगेत होते ते तिला ठाऊक होतं. येताना तिनंच मला जागा दाखवली होती. पण तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"दिखा था, सर," ती म्हणाली, आणि हात तसाच वर ठेवला.