पाण्याला पाठ

लोणारच्या तळ्यावर आलेला माणूस पाण्याकडे तोंड करून बसतो. आमची शेजारीण अनसाकाकू पाण्याला पाठ करून बसायची. दर सोमवारी हातातलं काम उरकलं की उतारावरच्या राखीव जंगलातून ती खाली काठावर जायची आणि झाडांकडे टक लावायची. मागे खाऱ्या पाण्याच्या लाटा फेस आणून टाकत, पण ही बाई एकदाही वळून बघायची नाही.

मी शेजारच्या घरात नवी सून. सासूबाईंनी मला तिच्या सोबतीला धाडलं. "तिचा नवरा खाली पापडी गोळा कराले गेला, तो आलाच नाही," एवढंच त्या म्हणाल्या. पापडी म्हणजे काठावर धरणारा पांढरा खार. बांगड्या करणारे मणियार तो घेऊन जात. मी खाली पोचले. पाण्यात मासा नाही, बेडूक नाही, नाकात कुजका वास. वारा पडला की स्वतःचा श्वास ऐकू यायचा, आणि मागून कुणीतरी बघतंय असं सारखं वाटायचं. नागपूरच्या सरकारचा जंगल-नाकेदारसुद्धा दुपारनंतर तिथे थांबत नसे.

"काकू, पाण्याकडे काऊन पाहत नाही तुम्ही?" मी एकदा विचारलंच.

"खारं पानी कोनाले पोटात ठेवत नाही, पोरी. मेलं ढोर बी वर आनून टाकते. त्यायले नाही आनलं. म्हंजे ते पान्यात नाहीच. जंगलातूनच येतीन." हे ती इतक्या थंडपणे सांगायची, जसा काही माणूस बाजाराला गेलाय. कुंकू ठसठशीत, हातात हिरव्या बांगड्या. कुणी कीव केली तर म्हणायची, "रडाले मले कोनी सांगतलं? मानूस उशिरा येऊन राह्यला, मेला नाही."

पण तिची पोर वच्छी लग्नाला आली. देऊळगाव राजाचं स्थळ चालून आलं. माणसं भली, पोराची पसंती झालेली, पण एका गोष्टीवर अडून बसली. बाप आहे म्हणता तर दाखवा. नाही म्हणता, तर आईच्या कपाळाला कुंकू कसं? बारा वर्षं उलटून गेली होती. इतकी वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात, आणि मग तो मेला असं धरतात. दीर म्हणाला, "वहिनी, पोरीसाठी करा." काकू दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "करा."

बायांनी तळ्याकाठच्या चितेपाशी जाऊ नये, असं गुरुजी म्हणाले. "मंग त्यायले ओळखीन कोन?" म्हणून ती काठावर आलीच. पुतळा बघून म्हणाली, "हे इतके ठेंगने नव्हते. पानं लावा अजून." पानं लावली. दिराने अग्नी दिला. काकूने दगडावर हात आपटून बांगड्या स्वतःच फोडल्या, कुंकू पुसलं, आणि चढ चढून घरी आली. तिचं ते मोकळं कपाळ माझ्याने बघवेना. त्या दिवशी मला तिच्या व्याह्यांचा फार राग आला.

तिसऱ्या दिवशी राख सावडायची होती. दीर तापाने फणफणलेला, म्हणून सकाळी काकू मलाच घेऊन गेली. पांढऱ्या पापडीवर ओली पावलं उमटली होती. अनवाणी, मोठी, पुरुषाची. पाण्यातून निघून ती राखेपर्यंत आली होती. माघारी वळलेलं एकही नव्हतं. काकू खाली बसली, एका पावलात तिने आपल्या हाताचा पंजा ठेवून पाहिला आणि कितीतरी वेळ उचललाच नाही.

"मी खुळी मेली जंगलाकडे पाहत बसली," ती म्हणाली. मग राखेशेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून, घरच्या माणसाशी बोलावं तशी बोलली, "परवाच जाळलं मी तुमाले. आता पोरीचं लगन होऊ द्या. तवरक कोनाले दिसू नका."

तिने पदराने सगळी पावलं पुसून काढली. राख गोळा केली. मला म्हणाली, "तू काईच पाह्यलं नाही." मी मान हलवली.

वच्छीचं लग्न थाटात झालं. पोरीची गाडी गावाबाहेर वळेपर्यंत काकू मोकळ्या कपाळाने वेशीत उभी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी विरजण मागायला तिच्या दारात गेले. काकू उंबऱ्यात बसली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातभर नव्या हिरव्या बांगड्या.

"काकू, हे काय? लोक काय म्हणतील?"

तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. आत जेवून राह्यले ते."