दुपारची टिचकी

गल्लीत तिला ‘सूर्यवाल्या वहिनी’ म्हणायचे. हसायचेही. हसू देत. अठरा वर्षं ती रोज दुपारी बाराला गच्चीवर जायची, छोट्या दुर्बिणीतून सूर्याचं बिंब कागदावर पाडायची, त्यावरचे डाग मोजायची आणि महिनाअखेर आकडे निरीक्षक मंडळाला पाठवायची. स्वतःची म्हणावी अशी तिची ही एकच गोष्ट. बाकी सगळी ओढाताण. सकाळी प्रकाशकासाठी गाइडमधली उत्तरं लिहायची, त्यावर नाव भलत्याचंच. संध्याकाळी पदवीचा अभ्यास, त्यात भौतिकशास्त्रात दोनदा आपटलेली. सासूबाई म्हणायच्या, बाई गं, कशाला एवढ्या ठिकाणी जीव टांगून ठेवतेस? त्यांचंही काय चुकलं म्हणा.

यंदा सूर्य शांत होता. मंडळातले बाकी सगळे शून्य डाग कळवत होते, हिचा मात्र रोज एक डाग. मनातून ती सुखावली होती. आपली नजर तयार झाली, दुसरं काय! मग एका सकाळी मंडळाच्या म्हाताऱ्या चिटणीसांचा, अप्पांचा फोन आला. हे काम तिला त्यांनीच शिकवलेलं.

“ताई, टिचकी मारता ना?”

टिचकी म्हणजे दुर्बिणीला हलकेच टिचकी मारून बघायचं. सूर्याबरोबर डाग सरकला तर तो सूर्याचा. जागचा हलला नाही तर भिंगावरची धूळ. पहिल्याच दिवशी शिकवतात हे.

“रोज मारते, अप्पा,” ती फणकाऱ्याने म्हणाली.

खरं काय ते तिला फोन ठेवल्यावर आठवलं. गाइडची पानं पोचवायची असली की ती वर जाऊन नुसता आकडा टिपायची आणि पळत खाली यायची. परीक्षा आली की तेच. चक्क पाट्या टाकायची.

बाराला ती वर गेली. कागदावर सूर्य, त्यावर तो डाग. तिने टिचकी मारली. सूर्य थरथरत बाजूला सरकला. डाग होता तिथेच राहिला.

तिने तिथूनच फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. अप्पांनी विचारलं, “टिचकी कधीपासून सोडलीत?”

ती आठवत राहिली. या परीक्षेपासून? आधीच्या? की पहिल्या गाइडचं काम घेतलं तेव्हापासून? वह्यांत नुसते आकडे. त्यातला सूर्याचा कुठला आणि धुळीचा कुठला, तिचं तिलाही सांगता येईना.

“आठवत नाही, अप्पा.”

“मग तुमचे सगळेच आकडे नोंदींतून काढावे लागतील, ताई,” ते म्हणाले.

“काढा.”

खाली येऊन तिने पलंगाखालच्या अठरा वह्या बाहेर ओढल्या आणि त्यांच्यासमोर बसून राहिली. रडूही येईना. सासूबाईंना काय झालं ते कळलं नाही, पण सून वह्या टाकून द्यायला निघालीय असं वाटलं. त्यांनी एक वही उचलून चाळली.

“अगं, पानं मागून कोरी आहेत,” त्या मायेने म्हणाल्या. “तुझ्या लिखाणाला होतील.”

प्रकाशकाला संध्याकाळपर्यंत चौदा उत्तरं हवी होती. तिने वही उलटी केली आणि पहिलं उत्तर लिहायला घेतलं.