‘धोटा’चे अंबादासअण्णा आणि मोजणारा आवाज

अंबादासअण्णांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या बंद पडलेल्या कारखान्यात झाली. मी मोडनिंबचा, बँजो पार्टीत ड्रम वाजवणारा. सोलापुरात थ्रॅश मेटल, म्हणजे अतिवेगवान, दणदणीत रॉक वाजवणारा ‘धोटा’ नावाचा जुना बँड आहे आणि त्याला ड्रमर हवा आहे, एवढेच ऐकून आलो होतो. अण्णा या बँडचे गायक आणि गिटारवादक. घरचे यंत्रमाग भंगारात गेले, पण मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याची धडधड त्यांनी गिटारवर जिवंत ठेवली. आज साठीतही त्यांचा गळा ऐकून नवख्या माणसाला धडकी भरते.

बँडचे मूळ ड्रमर नरसय्या वारले, त्यानंतर त्या जागी कुणी टिकेना. एकेक जण आला आणि गेला. नवा अल्बम लटकला. पहिल्याच दिवशी अण्णांनी मला सांगितले, “तू बी गेलास तर बँड बंद करणार बघ. आता माज्यात दम न्हाय.”

माणसे का पळतात, ते तालमीला बसल्यावर कळले. एरवी ड्रमर काठ्या आपटून चार आकडे मोजतो आणि गाणे सुटते. ‘धोटा’मध्ये कुणीच मोजत नाही. सगळे माना खाली घालून गप्प उभे राहतात आणि अचानक, एकाच क्षणी, सगळ्या गिटारी सुटतात. मी दरवेळी मागे. शेवटी न राहवून विचारले, “अण्णा, मोजतंय कोण?”

“नरसय्या की. तुला ऐकू येत न्हाय व्हय?”

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाल्याचे सांगावे, इतक्या साधेपणाने ते म्हणाले.

पण अण्णांचा मोठेपणा असा, की ते कधी चिडले नाहीत. माझ्यामुळे गाणे कोसळले की स्वतः जाऊन चहा घेऊन येत आणि म्हणत, “घाई नगं करू. सुरवातीला त्यो लई हळू बोलतो.”

एका दुपारी माझे हात आपोआप उचलले गेले. काही ऐकले असे म्हणणार नाही, पण गाणे सुटले तेव्हा मी मागे नव्हतो. अण्णांनी गिटार खाली ठेवून मला मिठी मारली. ते रडत होते, मीही रडलो.

रेकॉर्डिंग त्याच कारखान्यात झाले. पुण्याहून आलेल्या रेकॉर्डिस्टने हेडफोन काढून विचारले, “सुरुवातीला कोण मोजतंय ते कापून टाकू ना?” त्याने लावून दाखवले. घोगरा आवाज, तेलुगूत: ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. कुणी कुणाकडे बघेना.

“कापू नगा,” अण्णा म्हणाले, “ड्रमरमधी त्याचंबी नाव घाला.”

अल्बमवर आता आम्हा दोघांची नावे आहेत. मला त्याचा अभिमान वाटतो, आणि खरे सांगायचे तर भीतीही.

पुढचे लिहिलेले अण्णांच्या या गौरव अंकाचे संपादक मंडळ कदाचित गाळून टाकेल. परवाच्या आजारपणातून उठून अण्णा तालमीला आले. आम्ही माना खाली घातल्या. मोजणी आता मलाही स्पष्ट ऐकू येते, तिची सवय झाली आहे. पण त्या दिवशी नरसय्यांच्या जोडीने आणखी एक आवाज मोजत होता आणि तो मी कुठेही ओळखला असता. अण्णा माझ्यासमोर उभे होते. त्यांचे ओठ मिटलेले होते.

गिटारी सुटल्या. मी काठ्या मांडीवरच ठेवल्या. गाणे कोसळले.

“का रं, ऐकू आलं न्हाय?” अण्णांनी विचारले.

“नाही,” मी म्हणालो.

अण्णा, आपणांस उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. मोजायला एकटे नरसय्या पुरेसे आहेत. आपण आमच्या पुढ्यात उभे राहून गात राहा.