उजळाईवाडीवरची घिरटी

भूतखेत म्हटलं की हसत सुटणारा माणूस मी. उभा जन्म हायस्कुलात भूगोल-गणित शिकवण्यात गेला, त्यामुळे जे मोजता येत नाही त्याच्याशी माझं कधी जमलंच नाही. तरीही पन्नास-बावन्न सालच्या सुमाराची ती दुपार आठवली की आजही हातपाय गार पडतात...

माझे थोरले बंधू अण्णा मुंबईहून त्यांच्या मालकांच्या छोट्या विमानाने कोल्हापूरला येणार होते. मी सायकल हाणत उजळाईवाडीच्या धावपट्टीवर पोचलो. तेव्हा तिथे एक पत्र्याची खोली, एक टेलिफोन आणि बाकी सगळं गवत! त्या गवतात गावातल्या बायाक्काच्या म्हशी चरायच्या. रीत अशी – विमान आलं की आधी वरून एक घिरटी घालायचं, ती ऐकून बायाक्का म्हशी हाकलायची, मग ते उतरायचं.

विमान निघाल्याचा ट्रंककॉल नुकताच आला होता. हवाई अंतर दोनशे मैलांच्या आतलं, म्हणजे त्या विमानाला दीडेक तास हवाच. मी निवांत बसलो... आणि डोक्यावर घरघर सुरू झाली.

आकाश स्वच्छ. ढगाचं नाव नाही. आवाजाने मात्र धावपट्टीला पुरता वळसा घातला, इतका खालून की पत्रे थरथरले. विमान कुठेच दिसेना!

बायाक्का काठी घेऊन धावली.

"अहो, ते अजून पनवेलच्या पुढंसुद्धा आलं नसेल!" मी ओरडलो.

"मास्तर, तुमचं गणित ऱ्हाऊ द्या शाळंत! घिरटी झाली की म्हसरं काढायची, एवढंच मला ठावं हाय."

म्हशी निघाल्या, पण उतरलं काहीच नाही. बऱ्याच वेळाने मी तिची थट्टा केली, "सोडा आता, उपाशी मरतील बिचाऱ्या." तिलाही पटलं. पण म्हशी पट्टीच्या कडेला येऊन थबकल्या. आम्ही दोघांनी ढकललं, काठ्या हाणल्या – एक पाऊल पुढे टाकतील तर शपथ! अंगं नुसती लटलटत होती.

"मास्तर, हितं काय तरी हाय बगा," बायाक्का हळूच म्हणाली. अण्णा यायचे नसते तर मी तिथून पळच काढला असता.

तेवढ्यात समोरून विमान आलं. आवाज नाही. पंखा थांबलेला. घिरटी न घालता ते थेट खाली आलं, गवतात आपटलं, उड्या मारत आमच्यासमोरून गेलं आणि तिरकं होऊन थांबलं. "अण्णाऽऽ!" करत मी धावलो.

अण्णा उतरले. कपाळाला खोक, पण जिवंत! त्यांना मिठी मारून मी ढसाढसा रडलो.

पायलट पांढराफटक पडला होता. म्हणाला, "पंचगंगा ओलांडली आणि इंजिन गेलं. घिरटी घालणं शक्यच नव्हतं. पट्टीवर एक जरी म्हैस असती तर सगळे संपलो होतो. ती रिकामी ठेवायचं तुम्हाला कळलं कसं?"

बायाक्का भडकली. "कळलं कसं म्हंजे? मगाशी घिरटी घातलीसा की!"

त्याने नकारार्थी मान हलवली. मगाशी तर ते मुंबईहून नुकतेच उडाले होते.

त्या दुपारी दुसरं कुठलंही विमान इकडे फिरकलं नव्हतं, याची मी नंतर खात्री करून घेतली. लोक म्हणाले देवाची कृपा. असेल... अण्णा वाचले, माझी तक्रार नाही. पण इंजिन ठणठणीत चालू होतं, अण्णा मजेत खिडकीतून समुद्र बघत होते, तेव्हाच ते बंद पडणार हे कुणाला तरी ठाऊक होतं. कुणाला? ते आजही मला सांगता येत नाही.